नानांच्या काड्या, लेवानचं मटण

नाशिक जिल्ह्यात द्राक्षाची काडी मिळत नाही. हे मी अनुभवाने सांगते. द्राक्षं मिळतात, बेदाणे मिळतात, बागेत उभं राहून फोटो काढणारी मुंबईची माणसं तर ढिगाने मिळतात. पण साधी वाळकी काडी, जाळायला म्हणून मागाल, तर मिळणार नाही. मला लागली होती. आणि लागली तीही अशा रविवारी, की तो हुकला असता तर पुढचा रविवार थेट दसऱ्यानंतर.

आधी माणसं सांगते, म्हणजे तुमचा गोंधळ व्हायला नको. (आमचा पुढे झालाच.) गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमचं दुमजली घर. खाली मी आणि आमचे हे. यांना गल्लीपासून मळ्यापर्यंत सगळे नाना म्हणतात, म्हणून मीही इथे नानाच म्हणते. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी द्राक्षबागायतदार म्हणून उठले. दिंडोरीकडे आमचा मळा आहे, तो त्यांनी मनावर घेतला. मी माहेरची नामपूरची, म्हणजे कांद्यातली. डोळे बांधून कांद्याच्या चाळीत सोडलं तरी कुठला कांदा सडायला आलाय ते मी वासावर सांगेन. द्राक्षातलं मला एवढंच कळतं, की ती धुवून खावीत.

वरच्या मजल्यावर आमचे भाडेकरू, लेवान आणि अनाहित. लेवान जॉर्जिया देशातला. इथल्या एका तालमीत पोरांना कुस्ती शिकवायला आला आणि रमला. अंगाने असा, की जिन्यात तो असला तर आपण खालीच थांबायचं. मराठी तो तालमीतल्या पोरांकडून शिकला. पहिल्याच आठवड्यात जिन्यातून आवाज आला, "ओ काकू, वर पानी नाय आलं, मोटर लावा की." मी बाहेर येऊन गल्लीत बघितलं, म्हटलं हा कोण सिन्नरकडचा पाहुणा. अनाहित त्याची बायको, शेजारच्या आर्मेनिया देशातली, नाजूक, गोड. तिचं मराठी माझ्याकडचं, त्यामुळे ती "अहो काकू, बसा ना" असं बोलते. दोघांची घरची भाषा वेगवेगळी, म्हणून भांडण रशियनमध्ये करतात. मला वरून ऐकू आलं की कळतं, आज विषय घरगुती आहे.

तिसरा अराम, अनाहितचा धाकटा भाऊ. पिंपळगावकडे एका शीतगृहातली यंत्रं सांभाळतो आणि रविवार आला की बहिणीकडे येतो. शिवाय त्यांच्याकडची आणखी दोन-तीन कुटुंबं शहरात आहेत. कोणी केक-पाव करतं, कोणी पियानो शिकवतं. महिन्यातून एका रविवारी ही सगळी मंडळी आमच्या गच्चीवर जमतात, आणि मग ते मटण भाजतात.

पहिल्यांदा लेवानने शेगडी वर चढवली तेव्हा मला वाटलं, म्हशीला पाणी पाजायचं टाकं आणलंय. लांबलचक लोखंडी पेटी, खाली चार पाय, सातपूरच्या वेल्डरकडून करून घेतलेली. तिच्यात निखारे, वर तलवारीएवढ्या सळया आणि सळयांत ओवलेलं मटण. त्यांच्याकडे म्हणे सळया फिरवायचं काम पुरुषांचं, बायकांनी तिथे लुडबुड करायची नाही. ही रीत ऐकल्याबरोबर मी खुर्ची मागवली आणि समोर बसले. त्या दिवसापासून महिन्यातला तो रविवार मी कधी चुकवलेला नाही.

नानांचा सुरुवातीला विरोध होता. "गच्ची काळी होईल." मग लेवानने त्यांच्या हातात पहिला तुकडा ठेवला. नानांनी तो चावला, डोळे मिटले, आणि गच्चीची जास्तीची किल्ली त्याला देऊन टाकली.

खाण्याचं किती सांगू. अनाहित 'लवाश' नावाची पोळी करते, ओढणीसारखी पातळ, उशीवर ताणून. माझी थोरली बहीण माई या रविवारांना नामपूरहून येते. पहिल्याच खेपेला तिने ती पोळी उजेडात धरून बघितली आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "हाई ते मांडा शे. पुरण कोठे शे?" दुसऱ्या दिवशी माईने खापर उलटं घालून पुरणाचे मांडे केले आणि अनाहितने तीन खाल्ले. लेवान 'खाचापुरी' करतो, होडीच्या आकाराची रोटी, पोटात चीज आणि वर अर्धं कच्चं अंडं. अराम वांगी, टोमॅटो, ढोबळ्या मिरच्या सळईवर अख्ख्या भाजतो, सोलतो आणि चिरून एकत्र करतो. त्याने मोठ्या अभिमानाने वाढलं तेव्हा माई मला हळूच म्हणाली, "भरीतच शे. बिचारा मिरची टाकाले भुलना."

या सगळ्यात एकच अडचण, ती म्हणजे लेवानची भाषणं. त्यांच्याकडे पेला उचलला की आधी एकाने उभं राहून बोलायचं, आणि त्याचं संपेपर्यंत कोणी पेल्याला ओठ लावायचा नाही. आधी देव, मग आईवडील, मग गेलेली माणसं, मग पोरंबाळं, मग घरमालक. मी आणि माई हातात डाळिंबाचं सरबत घेऊन उभ्या. मंगलाष्टकं लांबली की मुठीतल्या अक्षता जशा ओल्या होतात, तसं आमचं सरबत कोमट होतं.

आता भांडणाकडे येते. लेवान आणि अराम मेहुणे-मेहुणे, पण मटणावरून त्यांचं पटत नाही. लेवान म्हणतो, मटणाला मीठ आणि कांदा, बास. अराम कांदा, मिरी, वाळवलेला पाला असं काय काय लावून रात्रभर मुरवतो. लेवान त्याला म्हणतो, "ह्ये मटन हाय का लोनचं?" अराम म्हणतो, "और तेरा? हॉस्पिटल का खाना." कांद्यावर मात्र दोघांचं एकमत, आणि तो कांदा मी पुरवते, नामपूरहून आणलेला. त्यामुळे भांडण कोणीही जिंकलं तरी मी जिंकलेलीच.

तर आखाडातला शेवटचा रविवार होता. लेवानने एक तुकडा तोंडात टाकला आणि उसासा सोडला.

"काय रे, कच्चं राहिलं का?" मी विचारलं.

"नाय काकू. चांगलं हाय. पन कोळसा तो कोळसा. माझा आजोबा द्राक्षाच्या वाळक्या काड्या पेटवायचा. जाळ खाली बसला की त्या निखाऱ्यावर मटन. तसली चव नाय पुन्हा."

अरामने कपाळावर हात मारला. "काकू, पाँच साल से यही दादाजी और यही लकड़ी. एक बार लाके दिखा ना भाई."

समोर पंधरा माणसं. लेवानचा चेहरा उतरला. आणि मला काय झालं कोण जाणे, मी खुर्चीतून उठले. "लेवान, तू कुठे बसलायस? नाशकात बसलायस. द्राक्षाच्या काड्या ना? त्या माझ्यावर सोड."

लेवानने वाकून माझ्या हाताचा मुका घेतला. माईने तोंड फिरवलं.

पुढे श्रावण लागला. आमच्यासाठी वरची मंडळीही महिनाभर शेगडीला हात लावत नाहीत, इतकी ती गुणाची. पोळा झाल्यावर गणपती येईपर्यंत जे चार दिवस मिळतात त्यात एक रविवार होता. तोच ठरला. कारण त्याच्या पुढे गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र.

इकडे नानांचं वेगळंच चाललं होतं. मळ्यात एका तुकड्यात त्यांनी जंगली द्राक्षाचे खुंट लावून वाढवले होते. आता त्या खुंटांवर चांगल्या जातीची काडी बांधायची, म्हणजे कलम करायचं. आणि जात कुठली, तर तासगावच्या दत्तूभाऊंकडची. काळी, लांब मण्याची, कुरकुरीत. दत्तूभाऊ यांचे जुने मित्र, पण त्या जातीच्या बाबतीत सख्ख्या भावालाही दाद न देणारे. नाना त्यांच्या मागे दोन वर्षं लागले होते. लग्न जमवताना माझ्या वडिलांच्या मागे इतके लागले नव्हते. शेवटी दत्तूभाऊ हो म्हणाले. खुंट तयार झाले. कलम बांधणारी टोळी, जी या दिवसांत मुख्यमंत्र्यांपेक्षा अवघड मिळते, ती सोमवारी यायची ठरली. फक्त काड्या यायच्या राहिल्या होत्या, आणि हुकलं तर पूर्ण वर्ष वाया. हे सगळं मी रोज जेवताना ऐकत होते. ऐकत होते म्हणजे "हं" म्हणत होते. तासगावच्या काड्या परस्पर मळ्यात जाणार, अशी माझी आपली समजूत.

मी माझ्या काड्यांच्या मागे लागले. पहिला फोन मोहाडीला धाकट्या जाऊबाईंना.

"अगं, छाटणीच्या काड्या असतील ना बांधावर? एक भारा पाठव."

"कुठल्या वहिनी? आता मशीन आहे. चुरा करून बागेतच टाकतात, खत होतं."

दुसरा फोन ओझरच्या भाच्याला. तो म्हणाला, "मावशी, चुरा चालेल का? चुरा ट्रॅक्टर भरून देतो." निफाडच्या विहीणबाईंकडे ढीग होता, पण पावसात कुजून त्यावर अळंबी उगवली होती. त्यांनी अळंबीचा फोटो पाठवला, खाली फुलं आणि हात जोडलेले. नानांना मात्र मी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, "तुला कोणी सांगितलं होतं कबूल करायला?"

रविवार उजाडला. नाना सकाळीच मळ्यात गेले, उद्याच्या टोळीची तयारी करायला. वर अनाहितची कणीक मळून झाली, लेवानचं मटण चिरून झालं, आणि माझ्याकडे एक काडी नाही. माई सकाळच्या गाडीने खास जेवायला आलेली. ती म्हणाली, "कोळसाच घे ना वं. त्याले काय समजस?"

"नाही माई, शब्द दिलाय."

आणि मग मी फरशी पुसायचं फडकं घ्यायला मागच्या मोरीत गेले. जुन्या वॉशिंग मशीनच्या मागे, अंधारात, गोणपाटाची एक गुंडाळी उभी. सोडून बघते तर काड्या. द्राक्षाच्या. एकसारख्या, पेन्सिलीएवढ्या जाड, सरळ, जुड्या करून सुतळीने बांधलेल्या.

मी त्या मोरीत खाली बसले. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने न सांगता काही आणलं नव्हतं. साडी आणली ती मी दुकानात बरोबर असताना, गजरा आणला तो सिग्नलला गाडी थांबली म्हणून. आणि आज बघा. मी इतके दिवस फोन करत होते ते यांनी ऐकलं असणार, आणि गुपचूप कुठून तरी इतक्या निवडून निवडून काड्या आणून ठेवल्या असणार. गोणपाट ओलं का, असं क्षणभर मनात आलं. पण प्रेमाने आणलेल्या वस्तूची कोणी चौकशी करतं का? पावसात भिजलं असेल, म्हटलं. फोनही केला नाही. म्हटलं, त्यांना गंमत करायची असेल, ती आपण कशाला मोडायची.

(शनिवारी मी आणि अनाहित भाजीबाजारात गेलो असताना दत्तूभाऊंच्या मुलाने ती गुंडाळी घरी आणून दिली होती. मळ्यात ऊन लागेल म्हणून नानांनी ती घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवली. मला सांगायचं त्यांच्या मनात होतं, पण रात्री जेवताना मीच विहीणबाईंच्या अळंबीचा फोटो दाखवत बसले.)

भारा घेऊन मी गच्चीवर गेले तेव्हा टाळ्या पडल्या. लेवानने एक काडी हातात घेतली, वास घेतला.

"काकू, आजोबाकडं बी असल्या नव्हत्या. काय सरळ हायेत."

"अरे, निवडून आणल्यात," मी म्हटलं, आणि लाजले.

पेटवायला घेतल्या तर पेटेनात. लेवानने फुंकर मारली. पैलवानाची फुंकर ती, तिने राख उडून अनाहितच्या कणकेवर बसली. मग कापूर आणला, मग जुने पेपर, मग आमचा टेबल फॅन. फॅन लावल्यावर धूर उठला तो असा, की आम्ही पंधरा माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखू लागलो.

"लेवान, अशाच असतात का रे या?"

"तुमीच सांगा ना काकू. तुमची द्राक्षं हायेत."

"अरे पण भाजणारे तुम्ही."

"भाजायचा आजोबा. मी तवा खेळत होतो."

धुरातून माईचा आवाज आला, "आवं शकू, ह्या काड्या ओल्या शेतस."

"वाळक्याच आहेत माई, जरा पावसाने..."

"मी जलम चुलीपुढे काढा. माले नको सांगू."

शेजारच्या वैद्य वहिनी त्यांच्या गच्चीच्या कठड्यापाशी येऊन खोकल्या. "अहो काकू, अग्निशमनला फोन करू का?"

"नको नको, मटण आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच विचारतेय," त्या म्हणाल्या. त्या शाकाहारी आहेत.

अराम मात्र अतिशय खुशीत होता. नाकाला रुमाल बांधून तो धुरात फिरत होता आणि विचारत होता, "दादाजी को धुआँ पसंद था क्या?" सळया सगळ्या लेवानने मटणाला घेतलेल्या, म्हणून त्याने भाजी ओवायला त्याच भाऱ्यातल्या काही काड्या उचलल्या, टोकं तासली आणि जळू नयेत म्हणून पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवल्या. मी त्याला म्हटलंसुद्धा, "घे घे, लागतील तेवढ्या घे. नानांनी भरपूर आणल्यात."

शेवटी लेवानने खाली थोडा कोळसा घातला आणि त्यावर जुडीमागून जुडी लावत गेला. काड्या तडतडल्या, फेसाळल्या, वाळल्या आणि एकदाच्या पेटल्या. जाळ खाली बसला. तांबडे, बारीक, सुरेख निखारे पडले. त्यावर सळया चढल्या, आणि पाच मिनिटांत गच्चीवर असा वास सुटला की सगळे शेगडीकडे सरकले. अराम पुढे आला. त्याने पहिला तुकडा घेतला, चावला, थोडा वेळ आकाशाकडे बघितलं. मग रुमाल सोडून मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाई, दादाजी सही थे."

इतक्यात नाना आले. दिवसभर मळ्यात राबून, पायजम्याला चिखल, पण चेहरा एकदम खूश. खुंट सगळे छाटून तयार, टोळीच्या मुकादमाशी बोलणं झालेलं. त्यांना बघून माझं मन भरून आलं. मी स्वतःच्या हाताने त्यांचं ताट वाढलं. (माईने डोळे मोठे केले.) नानांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याला लवाशमध्ये गुंडाळला.

"वा. लेवान, आजची चव वेगळीच आहे. कशावर भाजलंय?"

"काड्यांवर, नाना. काकूनं दिल्या. लय भारी."

"मिळाल्या का शेवटी?" नाना माझ्याकडे बघून हसले. "कुठून पैदा केल्यास?"

मी पदर सावरला. "पुरे आता. जसं काही माहीतच नाही. मागच्या मोरीत गोणपाटात गुंडाळून कोणी ठेवल्या होत्या मग?"

नानांचं चावणं थांबलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग शेगडीकडे बघितलं. मग हातातल्या लवाशकडे. ताट खाली ठेवून ते जिना उतरले, आणि वर आले तेव्हा त्यांच्या हातात नुसतं गोणपाट होतं.

"सगळ्या?" ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं. जेवताना महिनाभर जे "हं, हं" म्हटलं होतं, ते सगळं एकदम कानांत वाजलं. खुंट, टोळी, सोमवार, तासगाव. मला वाटलं, आता हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. नाना कठड्यावर टेकले आणि शांतपणे म्हणाले, "माई, अजून दोन तुकडे वाढा. दत्तूच्या बागेचं तेवढंच पदरात पडायचं असेल तर ते तरी गरम खातो."

लेवानला काही समजेना. "काय झालं? काकू, काय झालं?"

नाना म्हणाले, "काही नाही रे. उद्याच्या फडासाठी दोन वर्षं तयार केलेले पैलवान होते. ते आज आपण शेकून खाल्ले."

मग त्यांनी त्याला कलमाचं सांगितलं. सांगता सांगता लेवानच्या तोंडचा रंग उडाला. त्याच्या आजोबाचीही बाग होती, तोही कलमं बांधायचा, आणि कलमाची काडी घरात पाहुण्यासारखी ठेवायचा. तो अवाढव्य माणूस फरशीवर मांडी घालून बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून हमसून हमसून रडायला लागला. "काकू, मला वाटलं तुमाला कळतंय."

"अरे, मला वाटलं तुला कळतंय," मी म्हटलं, आणि मीही रडायला लागले.

"वा," माई म्हणाली. "दोन्ही शहाणा एक जागे मियनात."

लेवान उठला आणि म्हणाला, आत्ताच्या आत्ता तासगावला जातो, दत्तूभाऊंच्या पाया पडतो. नानांनी त्याला बसवलं. दत्तूभाऊंनी छाटून द्यायच्या तेवढ्या दिल्या होत्या, वेलींवर आता देण्याजोगी काडी उरली नव्हती. पियानोवाल्या बाईंनी तोंडातला घास चावू की नको अशा बेताने गालात धरून ठेवला होता.

अराम मागून पुढे आला, हातात बादली. "नाना," तो चाचरत म्हणाला, "ये वाली भी वही है क्या?"

नाना झेपावले. आमच्या लग्नात ते इतक्या चपळाईने बोहल्यावर चढले नव्हते. बादलीत दोन मुठी काड्या पाण्यात गार पडलेल्या. चार-पाचांवर टोमॅटो आणि ढोबळी मिरची ओवून झालेली, पण मटणावरून वाद घालता घालता भाजी शेगडीवर चढवायचं अरामच्या डोक्यातून गेलेलं. नानांनी एकेक काडी हातात घेऊन टोमॅटो काढले, ते माईच्या ताटात ठेवले, आणि मोबाइलच्या उजेडात काडीवरचा प्रत्येक डोळा तपासला. डोळा म्हणजे जिथून फूट येते ती गाठ.

"हा जिवंत आहे. हाही. हाही आहे. याची टोकं कोणी तासली?"

"मैंने," अराम म्हणाला आणि मागे सरकला.

"चांगली तासलीस. हात सरळ आहे तुझा. उद्या सकाळी मळ्यात ये, टोळीत माणूस कमी आहे."

एका काडीचे दोन-तीन तुकडे होतात. हिशेब केला तर मळ्यातल्या त्या अख्ख्या तुकड्यावर कलम व्हायचं ते एका ओळीवर येणार होतं. पण जात हाती राहिली. ही ओळ जगली, तर बाकीच्या खुंटांना काडी घरचीच मिळणार होती. नानांनी काड्या पुन्हा गोणपाटात गुंडाळल्या, आणि या वेळी गुंडाळी मोरीत ठेवली नाही. रात्रभर त्यांनी ती पलंगाखाली ठेवली, त्यांच्या बाजूच्या.

सोमवारी मळ्यात टोळीच्या बरोबरीने अराम आणि लेवान दोघे. अरामने खरंच चार कलमं बांधली. लेवानला कोणी हत्यार दिलं नाही, त्याने पाणी आणलं आणि शेवटचं कलम बांधून झाल्यावर ओळीच्या टोकाला उभा राहून पेला उचलला. आधी देव, मग आजोबा, मग दत्तूभाऊ, मग ज्या काड्या आगीत गेल्या त्या, मग ज्या वाचल्या त्या. टोळीची माणसं टोप्या काढून उभी राहिली, त्यांना वाटलं कोणी वारलं.

कोजागरीच्या सुमाराला ओळीत कोवळे कोंब दिसायला लागले. नाना मला मुद्दाम दाखवायला घेऊन गेले, पण हात पाठीमागे धरून बघायला लावलं. लेवान मात्र अजून दर पंधरा दिवसांनी जातो आणि प्रत्येक वेलीच्या बुडाशी थेंबभर वाइन ओततो. नाना म्हणतात, सवय लागली तर द्राक्षं पुढे पाणी पिणार नाहीत.

दत्तूभाऊंना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी फोनवर सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं, त्यांना काही झालं. मग कळलं, ते हसत होते, आणि घरातल्यांना बोलावून पुन्हा पहिल्यापासून सांगा म्हणत होते. या वर्षी श्रावणाच्या तोंडावर त्यांचाच फोन आला. म्हणाले, "वहिनी, एका ओळीची काडी सगळ्या खुंटांना पुरायची नाही, म्हणून नानांना कलमाच्या काड्या यंदा परस्पर मळ्यावर पाठवतोय. भाजायच्या तेवढ्या तुम्हाला घरी पाठवू का?"

"पाठवा ना भाऊजी," मी म्हटलं. "फक्त यंदा वाळवून पाठवा. मागच्या खेपेला धूर फार झाला."